रेशमाची उलटी बाजू

सामचनपो बंदर,
नव्या वर्षाचा सण होऊन गेल्यावर

वडीलधारे सोक-जेदादा,

तुमच्या धाकट्या बहिणीचा नवरा प्यो किल-मान याचा, कपाळ जमिनीला टेकवून नमस्कार पोचावा. आपण एकमेकांना कधी पाहिलेलं नाही. त्यामुळे नमस्कार कुठल्या दिशेला करावा हे न कळून मी पुसान ज्या बाजूला असावं असं वाटलं त्या बाजूला, म्हणजे चुलीकडे, तोंड करून केला. कुम-रे तिथे कोबीला मीठ चोळत बसली होती. तिला वाटलं नमस्कार तिलाच आहे. "आता काय फोडलंत?" असं तिने विचारलं. (काही फोडलेलं नव्हतं. जे फुटलं होतं ते आधीच फुटलं होतं, त्याचा उल्लेख त्याच्या जागी येईल.)

तुमची तब्येत कशी आहे? तुम्ही गोदीत क्रेनवर बसता असं कुम-रे सांगते. एवढ्या उंचावर हिवाळ्याचा वारा कानात शिरत असेल, तर फडकं बांधत जा. मीही शिडीवर उभा राहून पोट भरणारा माणूस आहे. इथल्या सिनेमा थिएटरच्या दर्शनी बोर्डावर नटनट्यांची तोंडं रंगवतो, त्यामुळे उंचावरच्या वाऱ्याबद्दल मला थोडं बोलायचा अधिकार आहे. पानगळीच्या सणाला तुम्ही दरवर्षी पाठवता ती नाशपतीची पेटी या खेपेलाही पोचली. फळं गोड होती. पेटीत चिठ्ठी नसते. आई एकेक फळ उचलून त्याखालचा कागद बघतात, आणि आम्ही बघतोय हे लक्षात आलं की म्हणतात, "किडकं आहे का बघते."

इकडचं सर्व क्षेम आहे असं यापुढे लिहायची रीत आहे, म्हणून लिहितो. इकडचं सर्व क्षेम आहे. फक्त आई यातून उठायच्या नाहीत.

कुम-रेचं म्हणणं, एवढ्या दोन ओळी लिहून पाकीट बंद करा. "आणि सामचनपोला जाऊ नका," असंही ती म्हणाली. तुम्हाला ठाऊकच आहे, देशभर कुणी बोलता बोलता भरकटला की लोक म्हणतात, गेला सामचनपोला. गावाला याचा फार राग येतो. पण दादा, जो माणूस आधीच सामचनपोत बसलेला आहे त्याने भरकटून जायचं तरी कुठे? मी सरळ रस्त्याने यायचा प्रयत्न करतो.

पावसाळा संपताना आईंच्या पोटात दुखायला लागलं. जिंजूच्या डॉक्टरांनी पोट उघडलं, आत पाहिलं आणि पुन्हा शिवून टाकलं, एखाद्याने डबा उघडावा, नावडती भाजी बघावी आणि झाकण लावावं तसं. आम्ही आईंना सांगितलं की साधा व्रण आहे, भरून येईल. आई म्हणाल्या, बरं झालं, व्रणच आहे. तेव्हापासून घरात आम्ही तिघंही एकमेकांचं खोटं सांभाळतो. कुम-रे त्यांच्यासमोर वसंतात लावायच्या मुळ्याचं बोलते, आई मुळा कुठे लावायचा ते सांगतात, आणि मग कुम-रे विहिरीवर जाऊन भांडं इतका वेळ घासते की भांड्याचं वजन कमी होतं.

त्या व्रणाच्या भरवशावर आईंनी एक दिवस जाहीर केलं की आपल्या मागे श्राद्धाला पुढे ठेवायची तसबीर आताच करून घ्यायची. आधी करून ठेवली की आयुष्य वाढतं म्हणतात ना, असं त्या हसत म्हणाल्या. मी त्यांना पाठीवर घेऊन फोटोवाल्याकडे गेलो. (वाटेत त्या म्हणाल्या, "जावईबुवा, हळू चाला, मी हलकी झालेय असं लोकांना दिसेल.") फोटोवाल्याने फोटो चांगला काढला आणि मग त्यात सुधारणा केली. सुरकुत्या घालवल्या, ओठाजवळचा तीळ पुसला, आणि मानेखाली दुसऱ्याच कुणाचा रेशमी पोशाख जोडला. आईंनी फोटो हातभर लांब धरून पाहिला.

"ही बाई कोण?"

"तुम्हीच आहात आई."

"माझ्या श्राद्धाचं जेवण हिच्यापुढे मांडणार? मी दारात उभी, आणि ही आत बसून जेवणार?"

तर मग घरातच चित्रकार आहे, त्याने काढावं, असं ठरलं. हा माझा मोठा मान होता, कारण जावई थिएटरचे बोर्ड रंगवतो हे आईंनी आजवर शेजारीपाजारी 'सुतारकीचं काहीतरी करतो' असं सांगून निभावून नेलं होतं. मी जीव ओतला. पण दादा, माझा हात वीस हात उंचीच्या तोंडांना सरावलेला. मला डोळा काढायचा म्हणजे त्यात खिडकीचं प्रतिबिंब काढायचं. गाल काढायचा म्हणजे एका बाजूला जांभळी सावली आणि दुसरीकडे आग लागल्यासारखा उजेड. रस्त्यापलीकडून दिसावं म्हणून ओठ लाल. चित्र पुरं झालं तेव्हा गल्लीतली माणसं बघायला आली आणि एकेक पाऊल मागे सरकली. आईंनी शांतपणे विचारलं, "मी कुणाचा खून केलाय का?"

मी ते चित्र उलटं करून परसात कोंबड्यांच्या खुराड्यावर टाकलं. अजून तिथेच आहे, पावसाला उपयोगी पडतं.

आता पुस्तकाकडे येतो. बोर्डावर नवं चित्र काढण्याआधी आम्ही जुन्यावर रद्दी चिकटवतो आणि वर सफेदा मारतो. कागदाच्या दुकानातून मी रद्दीचा गठ्ठा आणतो, फाडतो, खळ लावतो आणि चिकटवतो. त्यात काय लिहिलंय हे कधी वाचत नाही. नटाच्या कपाळाखाली काय आहे हे कळून कुणाचं भलं झालंय? पण त्या दिवशी एक पान हातात आलं आणि नजर त्यावर पडली. लिहिलं होतं, 'सुरकुती म्हणजे रेघ नव्हे. रेघ ओढलीस तर म्हातारपण दिसेल, माणूस दिसणार नाही.' मी शिडीवरच बसलो. खळीची बादली खाली ठेवायचं विसरलो, ती आपली आपण खाली गेली.

ते एका चित्रकाराने चित्रकलेवर लिहिलेलं पुस्तक होतं. नाव नव्हतं, कारण मुखपृष्ठ आणि पुढची-मागची बरीच पानं मी आदल्या दिवशीच एका तलवारबाज खलनायकाखाली चिकटवून बसलो होतो. मधलं तेवढं हाताला लागलं. लिहिणारा स्वतःला म्हातारा म्योंग म्हणवतो. गावोगाव हिंडून मेलेल्या आणि मरू घातलेल्या माणसांच्या तसबिरी करायचा. पुस्तकात शिस्त नाही. सरस कसा उकळावा हे सांगता सांगता तो स्वतःच्या दाढदुखीवर पानभर लिहितो, आणि मग पुन्हा सरसावर येतो. मला तो फार आवडला. माझ्या धंद्यात माझ्याशी आजवर कुणी असं बोललेलं नव्हतं. मला शिकवणाऱ्याने एकच शिकवलं होतं, फोटोवर चौकटी पाडून तोंड मोठं कर आणि घाई कर.

म्योंग म्हणतो, पहिले पुष्कळ दिवस कुंचल्याला हात लावू नये. ज्याची तसबीर करायची त्याच्या शेजारी बसावं, तो खातो ते खावं, आणि तो ताटात काय टाकून देतो ते बघावं. म्हणून मी रोज सकाळी कामावर जाण्याआधी आईंशेजारी बसून तांदळाची पातळ पेज प्यायला लागलो. त्या टाकून देत होत्या ते सगळंच. मी बघत बसायचो. पहिले काही दिवस त्यांनी सहन केलं, मग म्हणाल्या, "गिऱ्हाईक मासा बघतं तसं काय बघता जावईबुवा? ताजी नाहीये मी." पुढे त्यांनाही सवय झाली. मी नाही आलो तर कुम-रेला विचारायच्या, तो पेज पिणारा कुठे गेला.

दुसरं त्याचं म्हणणं असं, की माणसाचा रंग कातडीवर नसतो, कातडीच्या आत असतो. म्हणून अंगाचा रंग रेशमाच्या उलट्या बाजूने भरावा, तो विणीतून झिरपून पुढे येऊ द्यावा, आणि सुलट्या बाजूला फक्त तेवढंच काढावं जे मागून सांगता आलं नाही. दादा, मी आयुष्यभर सगळं पुढूनच सांगत आलो. हे वाचून मला रात्री जेवण गेलं नाही. रेशीम कुठून आणायचं हा प्रश्न होता. कुम-रेने लग्नातल्या रजईचा पांढरा रेशमी अभ्रा काढला आणि मी नको नको म्हणेपर्यंत मधोमध कापून ठेवला.

रेशमाला आधी सरस आणि तुरटी पाजावी लागते. तुरटी कमी पडली तर रंग पसरतो, जास्त झाली तर रेशीम तडकतं. (माझ्या पहिल्या प्रयत्नात एक डोळा ओघळून हनुवटीपर्यंत गेला.) सरस बैलाच्या चामड्याचा. तो मी सोयाबीनचं सार करायच्या मातीच्या भांड्यात उकळला, आणि ते भांडं तडकलं. वर ज्याचा उल्लेख राहिला होता ते हेच. वास असा सुटला की गल्लीच्या टोकाला राहणाऱ्या जाळेवाल्या काकूला वाटलं, आई गेल्या आणि आम्ही लपवून ठेवलंय. ती शोकाला सोडतात तसे केस मोकळे सोडून, बाहीने डोळे पुसत दारात आली. दार आईंनीच उघडलं.

"अजून नाही," आई म्हणाल्या. "आलीच आहेस तर बस, जवाचा चहा टाकते मुलगी."

काकू बसली. चहा प्याली. दुसरं काय करणार? मग दोघींनी मिळून मला शिव्या दिल्या आणि त्या निमित्ताने आई पुष्कळ दिवसांनी पोटभर हसल्या. हसताना पोट दाबून धरलं होतं.

त्यानंतर दोन-तीन दिवसांनी सकाळी मी पेज पीत बसलो होतो. कुम-रे बाजारात गेली होती. आईंनी वाटी बाजूला सारली आणि म्हणाल्या, "माझी तसबीर राहू दे. तो फोटोच ठेवा, त्या बाईला जेवू दे. तू दुसरं एक काढ."

मला 'तू' त्या पहिल्यांदा म्हणाल्या. मी वाटी खाली ठेवली.

"दोल-ईचं काढ," त्या म्हणाल्या.

तुमच्या धाकट्या भावाला मी पाहिलेलं नाही. मी या घरात जावई म्हणून आलो तेव्हा तो ज्या मांदेलीच्या बोटीवर होता ती बुडून बरेच दिवस झाले होते. मला एवढंच ठाऊक होतं की अंग सापडलं नाही, म्हणून धक्क्यावर कपडे जाळून आत्म्याला निरोप दिला. आता आईंनी सांगितलं की कपड्यांबरोबर त्याचा एकुलता एक फोटो, शाळेतला, तोही त्यांनीच जाळला. तो तिकडे उघडा जाऊ नये म्हणून कपडे, आणि एकटा जाऊ नये म्हणून फोटो. त्या वेळी डोकं ठिकाणावर नव्हतं.

"मला त्याचं तोंड आठवत नाही रे," त्या म्हणाल्या. "पोरीला सांगू नकोस. हात आठवतात, आवाज आठवतो. तोंडाच्या जागी नुसतं पाणी दिसतं. मी जाणार आहे, हे मला कळतं. तिकडे गेल्यावर एवढ्या माणसांत त्याला ओळखू कशी? तो हाक मारील, पण त्याचा स्वभाव तुला माहीत नाही. तो हाक मारायला लाजायचा."

मी त्यांना म्हटलं, काढतो. हे म्हणणं सोपं होतं, कारण माझा स्वभाव आधी हो म्हणून मग शिडी शोधायचा. म्योंगचं पुस्तक उलटंपालटं केलं. मधल्या पानांत एके ठिकाणी तो म्हणतो, जो समोर बसू शकत नाही त्याची तसबीर कशी करावी ते शेवटच्या प्रकरणात सांगितलं आहे. शेवटचं प्रकरण बोर्डावर होतं, खलनायकाच्या हनुवटीखाली. आणि सिनेमा चांगला चालला होता.

मी भर दुपारी शिडी लावली आणि भिजवलेल्या फडक्याने आणि पत्र्याने हनुवटी खरवडायला घेतली. खाली माणसं जमली. सुक्या मासळीच्या गोण्या वाहणारे हमाल थांबले. तेवढ्यात मालक नामगुंगसाहेब बाहेर आले.

"प्यो, याची हनुवटी कुठे गेली?"

"वाचतोय साहेब."

"काय वाचतोयस?"

"हनुवटी."

खालून कुणीतरी म्हणालं की नाकही वाच म्हणावं, नाकात जास्त मजकूर असेल. साहेबांनी मला बाजूला घेऊन विचारलं की घरी सगळं ठीक आहे ना. मी खरं काय ते सांगितलं. साहेब मनाचे वाईट नाहीत. त्यांनी सांगितलं, उद्याच्या खेळाआधी हनुवटी परत आली पाहिजे, आणि तोपर्यंत त्यांनी स्वतः शिडी धरली. (खलनायकाला मी नंतर दाढी रंगवली. सिनेमात दाढी नाही. तिकीट काढलेल्या एकाने तक्रार केली की दाढीवाला शेवटपर्यंत आलाच नाही.)

हाती लागल्या त्या तीन-चार ओळी. बाकीचं खळीत विरघळलं होतं. त्या ओळी अशा. 'जो समोर नाही त्याची तसबीर करायची झाली, तर त्याची हकीगत सांगणाऱ्याच्या तोंडाकडे बघावं. आठवताना माणूस नकळत त्याचंच तोंड करतो. ते तोंड धरावं. मात्र इथे फार सावध असावं, कारण' आणि पुढे कागद फाटला होता. मी ते 'कारण' फार शोधलं. मिशीखाली शोधलं, गळ्याखाली शोधलं. मिळालं नाही. मग ठरवलं की सावध कशाबद्दल राहायचं हे माहीत नसेल तर सगळ्याबद्दलच राहावं.

मी आईंना म्हटलं, मला त्याचे नाक-डोळे सांगू नका. तो काय काय करायचा ते सांगा. त्या सांगायला लागल्या, आणि दादा, म्योंग खोटं बोलत नव्हता. गरम रताळं तोंडात टाकून तो ते या गालातून त्या गालात कसं फिरवायचा हे सांगताना आईंचे गाल फिरायचे. खोटं बोलताना त्याची डावी भुवई वर जायची हे सांगताना त्यांची भुवई वर गेली, आणि ती भुवई त्यांची नव्हती. बाकीचं तोंड आजारी, पिवळं, खोल गेलेलं, आणि त्यात एखादा तरुण मुलगा मधूनच डोकावून जायचा. मी कोळशाने भराभर टिपून घ्यायचो. कधी कधी मला भीती वाटायची. माझ्या जिंजूच्या आजोळी एक मांत्रीण होती, तिच्या अंगात येताना मी लहानपणी पाहिलं होतं; त्यापेक्षा हे शांत होतं, म्हणून जास्त भीती वाटायची. आई दमायच्या, पण थांबायच्या नाहीत. दुखणं जास्त असलं की जास्त बोलायच्या.

याच बोलण्यात त्या सकाळची गोष्ट निघाली. त्या खेपेला बोटीवर तुम्ही जायचं होतं, तुम्हाला ताप होता, आणि धाकटा तुमचं जाकीट घालून गेला. नंतर धक्क्यावर आई तुम्हाला काय म्हणाल्या तेही त्यांनीच मला सांगितलं. ते मी इथे लिहीत नाही. तुम्हाला पाठ असेल. त्या पुढे एवढंच म्हणाल्या, "मी समुद्राला बोलत होते. समोर तो उभा होता." हे तेव्हाचं खरं आहे की इतक्या वर्षांत त्यांनी घोटून घोटून तयार केलेलं आहे, हे मला सांगता यायचं नाही. म्योंगनेही यावर काही लिहिलेलं नाही. मी तुमची समजूत घालायला बसलेलो नाही दादा. तो माझा अधिकार नाही. मी फक्त कोळसा हातात धरून त्यांच्या तोंडाकडे बघत होतो, आणि ते वाक्य बोलताना त्यांच्या तोंडावर जे आलं ते मला रेशमावर उतरवता आलं नाही.

रंग मी पुस्तकात सांगितला तसाच भरला. शिंपल्याच्या भुकटीचा पांढरा, त्यात गेरू आणि चिमूटभर लालभडक हिंगूळ, सगळा उलट्या बाजूने. चौकट उजेडाकडे धरली आणि बघितलं, तर पलीकडून एक तोंड हळूहळू जवळ येत होतं, खोलीत कुणी यावं आणि अजून बोलू नये, तसं. पुढून मग मी फारच थोडं काढलं. पापण्या, भुवईचे केस, ओठांची फट. डोळ्यात खिडकी काढायला हात शिवशिवत होता, नाही काढली. मी इतकी वर्षं रंगवतोय, पण माझ्या हातून माणूस पहिल्यांदा झाला. हे मी बढाई म्हणून लिहीत नाही. पुढे काय झालं ते वाचल्यावर तुम्हालाही ती वाटणार नाही.

सकाळच्या उजेडात आईंना उशीला टेकवून बसवलं आणि चौकट समोर धरली. त्यांनी पाहिलं. खूप वेळ पाहिलं. मग त्यांनी हात पुढे केला आणि रेशमाला न लावताच मागे घेतला.

"हा सोक-जे आहे," त्या म्हणाल्या.

मी म्हटलं, नाही आई, दोल-ई. तुम्हीच सांगितला तो. तेवढ्यात कुम-रे पेज घेऊन आत आली. तिने चित्र पाहिलं, वाटी खाली ठेवली आणि म्हणाली, "दादा."

म्योंगचं फाटलेलं 'कारण' मला तिथे, त्या खोलीत, पुरं वाचता आलं. सांगणारा एकाची हकीगत सांगतो आणि आठवतो दुसऱ्यालाच. आई तोंडाने रोज मेलेल्या मुलाबद्दल बोलत होत्या, आणि त्यांच्या तोंडावर जिवंत मुलगा येत होता. मी तुम्हाला कधी पाहिलेलं नाही दादा, आणि तरी तुमची डावी भुवई मला पाठ झाली आहे.

मी घाबरलो होतो की त्या रडतील. त्या रागावल्या. "भिंतीकडे कर त्याला," त्या म्हणाल्या. "आधी भिंतीकडे कर. ही तसबीर कुठे ठेवतात माहीत आहे ना तुला? जिवंत माणसाला तिथे बसवतोस? वरून कुणी बघितलं म्हणजे?" मी चौकट फिरवून भिंतीला टेकवली. आता खोलीत तुमची रंगवलेली पाठ होती, म्हणजे रेशमाची उलटी बाजू. तीत नाकडोळे नाहीत, नुसता अंगाचा रंग आहे. त्याकडे बघत आई बराच वेळ पडून राहिल्या. मग माझ्याशी नाही, कुणाशीच नाही, अशा म्हणाल्या, "धाकट्याचे कान पुढे होते. नाक बसकं. हनुवटीला खळगा." थोडं थांबून म्हणाल्या, "हां. दिसला."

त्या दिवशी त्या अर्धी वाटी पेज प्याल्या. म्हणजे माझं चित्र पूर्णपणे चुकलं आणि काम झालं. म्योंग असता तर त्याने यावर काय लिहिलं असतं कोण जाणे. बहुधा दाढेबद्दलच लिहिलं असतं.

तर इकडची खुशाली ही अशी. वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद. आमच्याकडे पत्ता गोदीचा आहे, तुमचं घर ठाऊक नाही, त्यामुळे वहिनी आणि मुलं आहेत की नाहीत हेही ठाऊक नाही. असतील त्या सर्वांना, नसतील तर तुमच्याकडेच ठेवा. थंडीत जपा.

आपला,
प्यो किल-मान

ता. क. एक बारीकशी विनंती राहिली. दोल-ईची तसबीर अजून व्हायची आहे. आईंना तो दिसला खरा, पण दुसऱ्या दिवशी पुन्हा पुसट झाला. आता बोलायचंही त्राण नाही, त्यामुळे म्योंगची युक्ती संपली. कुम-रे म्हणते, तुम्हा दोघांचं कपाळ आणि डोळे एकच होते. तर तुम्ही चार दिवस येऊन समोर बसलात तर कान, नाक आणि हनुवटी मी बदलून घेईन. फोटो पाठवून चालणार नाही. हे पुस्तकात आहे. (पुस्तकात नाही. पण शेवटचं प्रकरण मिळालेलं नाही, त्यात असू शकेल.) डॉक्टर म्हणतात, डोंगरावर फुलं येईपर्यंत वाट बघू नये.

आणखी ता. क. कुम-रेने पत्र वाचलं. ती म्हणते, एवढं लिहून 'या' हा शब्द तुम्ही कुठेच लिहिलेला नाही. मी पुन्हा वाचलं, खरंच नाही. या.

शेवटचं. आईंना पत्राचं सांगायचं नाही असं आमचं ठरलं होतं. आता पाकिटाला खळ लावत होतो तेव्हा त्या जाग्या होत्या. कुणाला लिहितोस, असं त्यांनी विचारलं नाही. डोळे मिटूनच म्हणाल्या, "बसने ये म्हणावं. वेळ लागला तर लागू दे. बोटीने येऊ नकोस म्हणावं."